गुड फ्रायडेची गोष्ट वल्हांडणाच्या कॅलेंडरवर कशी वाचायची

उपवासकाळ सुरू झाला की मंडळीत, कॉटेज मीटिंगला, तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, की येशूच्या मरणाने आपलं तारण झालं म्हणजे नेमकं काय झालं, आणि ते तेव्हाच का झालं, आधी का नाही, नंतर का नाही. उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात मिळतं, "तो आपल्या पापांसाठी मेला", आणि ते खरंच आहे, पण विचारणारा नुसता मान हलवतो, त्याच्या मनातलं तसंच राहतं. माझं ठाम मत आहे की हे दोन प्रश्न वेगळे करून चालत नाही, कारण पवित्र शास्त्रात बलिदान आणि वेळ एकमेकांचा हात सोडतच नाहीत. म्हणून ही वाचायची पद्धत सांगतेय, झावळ्यांच्या रविवारपासून (ईस्टरच्या आधीचा रविवार) पुढच्या आठवडाभरात करता येईल अशी, एकट्याने करा नाहीतर घरातली चार माणसं घेऊन करा, रोज पाऊण तास मिळाला तरी होतं.

छापील पवित्र शास्त्र घ्या, मोबाइलवरचं ॲप नको, कारण सारखं मागे-पुढे करावं लागणार आहे आणि दोन ठिकाणी बोट ठेवून वाचायची सोय ॲपमध्ये नाही. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. लाल रंगाने रक्त, कोकरा, खंडणी, अर्पण, बळी अशा शब्दांखाली रेघ मारायची आणि निळ्याने वेळ, घटका, दिवस, तारीख, "पूर्ण झालं", "अजून नाही" अशा शब्दांखाली. पुस्तकावर रेघा मारायला जीव होत नसेल तर वहीत दोन रकाने करा. एवढंच सामान.

आधी तीन ठिकाणी ट्रायल घ्या म्हणजे हात बसेल. गलतीकरांस पत्र ४:४-५ उघडा, काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवलं, आणि लगेच पुढे कशासाठी, तर नियमशास्त्राधीन असलेल्यांना खंडणी भरून सोडवायला. मग रोमकरांस पत्र ५:६, आपण दुर्बळ होतो तेव्हाच, योग्य वेळी, ख्रिस्त मेला, आणि मेला कोणासाठी तर अभक्तांसाठी. मग १ पेत्र १:१८-२०, सोन्यारुप्याने नाही तर निष्कलंक कोकऱ्याच्या रक्ताने सोडवलं, आणि तो कोकरा जगाच्या स्थापनेआधीच नेमलेला होता पण प्रकट झाला तो आता, काळाच्या शेवटी. पौल वेगळा, पेत्र वेगळा, पत्रं वेगळ्या माणसांना लिहिलेली, पण तिन्हीकडे लाल आणि निळी रेघ शेजारी-शेजारी पडते. आठवडाभर आपण हेच शोधणार आहोत.

"काळाची पूर्णता" म्हटलं की उपदेशात बऱ्याचदा ऐकायला मिळतं की रोमन रस्ते झाले होते, ग्रीक भाषा सगळीकडे चालत होती, गावोगाव सभास्थानं होती, म्हणून सुवार्ता पसरायला तो टाइम बरोबर होता. हे इतिहास म्हणून चुकीचं नाही, पण पौल तिथे हे म्हणत नाहीये. ४:१-२ वाचा, तो वारसदाराचं उदाहरण देतो, मुलगा लहान आहे तोवर पालक आणि कारभाऱ्यांच्या हाताखाली राहतो, आणि किती दिवस, तर बापाने ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत. म्हणजे मुदत रस्ते तयार झाल्यावर आली नाही, ती बापाने ठरवलेली होती. हा फरक सुरुवातीलाच डोक्यात पक्का करा.

सोमवार : निर्गम १२

वल्हांडण, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटका झाल्याची आठवण ठेवणारा ज्यू लोकांचा सण, इथून सुरू होतो. हा अध्याय घाईत वाचू नका, हवं तर दोन बैठका लावा. आधी सगळ्या तारखा निळ्या करा. पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी कोकरा निवडायचा, चौदाव्या दिवसापर्यंत राखून ठेवायचा, आणि चौदाव्याच्या संध्याकाळी मारायचा. आता चार दिवस डोळ्यासमोर आणा. कोकरू एक वर्षाचं, नर, कुठे खोड नाही, निवडून बाजूला ठेवलेलं, घरातली पोरं त्याला पाला घालतायत, पाणी पाजतायत, लहानग्याने एखादं नावसुद्धा ठेवलं असेल, आणि चौदाव्या संध्याकाळी बापाला ते मारायचंय. कुटुंब लहान असेल तर शेजाऱ्याला सोबत घ्यायचं असंही सांगितलंय, एक कोकरू वाया जाऊ द्यायचं नाही. रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या पट्टीला लावायचं. मांस विस्तवावर भाजून बेखमीर भाकरी आणि कडू भाजीबरोबर खायचं, कंबर बांधून, पायात जोडे, हातात काठी, म्हणजे निघायच्या तयारीत. त्याचं एकही हाड मोडायचं नाही, हे ४६ व्या ओवीत आहे, तिथे लाल खूण करून ठेवा, शुक्रवारी लागेल.

मग ४०-४१ वाचा. इस्राएल लोकांच्या मिसरातल्या वास्तव्याला ४३० वर्षं झाली आणि "त्याच दिवशी" ते बाहेर पडले. आता उलटे जाऊन उत्पत्ति १५:१३-१६ बघा, तिथे अब्राहामाला आधीच सांगून ठेवलंय की तुझ्या संततीला ४०० वर्षं जाच होईल, आणि लगेच का होत नाही त्याचं कारणही दिलंय, त्या देशात तेव्हा राहणाऱ्या अमोरी लोकांचा अधर्म अजून भरलेला नाही. म्हणजे देव थांबतो तेव्हा तो विसरलेला नसतो, ज्यांच्यावर न्याय यायचाय त्यांनाही तो मुदत देत असतो. मात्र विटा थापणाऱ्या माणसाला त्या ४०० वर्षांत हे कुठे ठाऊक होतं? त्याला फारो राजाचा मुकादम आणि पाठीवरचा चाबूक एवढंच दिसत होतं. ग्रुपमध्ये वाचत असाल तर इथे थोडं गप्प बसा, लगेच स्पष्टीकरण देऊ नका.

२६ व्या ओवीत मुलं विचारतील "या सणाचा अर्थ काय" असं आहे, म्हणून घरात मुलं असतील तर हा अध्याय त्यांच्याकडूनच वाचून घ्या. आणि हा सण आपल्यापासून लांबचा आहे असंही समजू नका, कोकणातले, अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल लोक मराठी बोलत पिढ्यानपिढ्या वल्हांडण पाळत आलेत. ज्यू कॅलेंडर चंद्रावर चालतं, चौदावा दिवस म्हणजे पौर्णिमेचा सुमार, आणि ईस्टरही ३२५ सालच्या निकेया परिषदेनंतर हळूहळू वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी स्थिर झाला, म्हणूनच गुड फ्रायडेची तारीख दरवर्षी सरकते. त्या आठवड्यात रात्री मुलांना अंगणात नाहीतर गच्चीवर नेऊन चंद्र दाखवा, मिसरातून निघाले त्या रात्रीही असाच मोठा चंद्र होता.

मंगळवार : लेवीय १६, आणि जमलं तर १७:११

इथे बरेच जण कंटाळतात, पण टाळू नका. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रमुख याजक परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या सगळ्यात आतल्या खोलीत, जायचा, एकटा, रक्त घेऊन. दोन बकरे, चिठ्ठ्या टाकायच्या, एक परमेश्वराला अर्पण, दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची सगळी पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. दोन्ही बकरे एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, एकात जिवाची किंमत भरली जाते, दुसऱ्यात पाप नजरेआड जातं. नुसतं पहिलं धरलं तर माणूस आयुष्यभर अपराधी वाटून घेतो, नुसतं दुसरं धरलं तर क्षमा फुकटची होते. १७:११ मध्ये रक्त का, ते सांगितलंय, कारण जीव रक्तात आहे. रक्तात काही जादू नव्हती, जिवाच्या जागी जीव द्यायचा होता.

लगेच इब्री लोकांस पत्र १०:१-१४ वाचा आणि निळी पेन्सिल हातात ठेवा. दरवर्षी, वारंवार, दररोज उभा राहून, आणि मग एकदाच, सर्वकाळासाठी, आणि बसला. याजक उभा आहे कारण त्याचं काम संपत नाही, उद्या परत यायचंय. येशू बसला कारण काम संपलं. तिथेच स्पष्ट लिहिलंय की बैलांच्या नि बकऱ्यांच्या रक्ताने पापं दूर होणं शक्यच नाही, म्हणजे जुन्या करारातले बळी म्हणजे येणाऱ्या गोष्टीची सावली होती. इ.स. ७० साली रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि तिथले बळी बंद पडले ते आजपर्यंत.

यशया ५३ बुधवारी सकाळी वाचून घ्या, त्यावर फार बोलत बसू नका, मोठ्याने एकदा वाचला तरी पुरे आहे, सातव्या ओवीत कोकरा भेटेल.

बुधवार-गुरुवार : योहानात "वेळ" शोधा

माझ्या मते ही सगळ्यात मोलाची बैठक. योहानाच्या शुभवर्तमानात येशूची "वेळ" एका धाग्यासारखी पहिल्यापासून जाते, ती फक्त ओढून काढायची. २:४ काना गावचं लग्न, द्राक्षारस संपला, आई सांगते, तो म्हणतो माझी वेळ अजून आली नाही. ७:६ भाऊ म्हणतात सणाला चल, जगाला दिसू दे, तो म्हणतो माझी वेळ अजून आली नाही, तुमची वेळ सर्वदा सिद्ध आहे. ७:३० धरायला बघतात पण कोणी हात टाकत नाही, का, तर त्याची वेळ आली नव्हती. ८:२० तेच. मग १२:२० मध्ये सणाला आलेले काही ग्रीक फिलिप्पाला म्हणतात आम्हाला येशूला भेटायचंय, आणि एवढ्याशा निरोपावर येशू एकदम म्हणतो, वेळ आली आहे. लगेच गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो हे वाक्य येतं. १२:२७ मध्ये जीव व्याकूळ झालाय, या घटकेपासून मला वाचव असं म्हणू का, पण याचसाठी तर मी या घटकेपर्यंत आलो. १३:१, १७:१ परत तेच. पानावर निळ्या रेघा मोजल्या की कळतं, की येशू वधस्तंभापर्यंत ओढत नेला गेला असं योहान एकदाही म्हणत नाही, तो वेळ बघून चालत गेला. १०:१८ त्याच्या जोडीला ठेवा, माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो.

आता मत्तय २६:१-५ उघडा आणि हळू वाचा, पाचच ओव्या आहेत. येशू शिष्यांना म्हणतो दोन दिवसांनी वल्हांडण आहे आणि मनुष्याचा पुत्र वधस्तंभावर खिळला जाण्यासाठी धरून दिला जाईल. त्याच वेळी प्रमुख याजक कयफाच्या वाड्यात मीटिंग चाललीय, तिथे ठरतं की याला कपटाने धरून मारायचं, पण सणात नको, लोकांत दंगल होईल. म्हणजे ज्यांच्या हातात सत्ता आहे, पहारेकरी आहेत, पैसा आहे, ते म्हणतायत सणात नको, आणि ज्याच्या हातात काही नाही तो म्हणतोय सणातच. झालं कोणाच्या म्हणण्यासारखं? त्यांना काम लवकर उरकायची संधी येशूच्याच एका शिष्याने, यहूदाने, दिली, आणि कोकऱ्यांच्या सणातच देवाचा कोकरा मारला गेला. देवाच्या वेळेबद्दल मला कोणी एकच उतारा विचारला तर मी हाच सांगते, कारण इथे देव कोणाचा हात धरून जबरदस्ती करत नाही, प्रत्येक जण आपल्या मर्जीने, आपल्या भीतीने, आपल्या लोभाने वागतोय, आणि तरी तारीख ठरलेलीच निघते.

हे शिकवताना एक काळजी घ्या, ज्यू लोकांनी येशूला मारलं अशी भाषा वापरू नका. येशू ज्यू, मरीया ज्यू, शिष्य ज्यू, शिक्षा दिली रोमन सुभेदार पिलाताने, आणि या एका आरोपाखाली शेकडो वर्षं ज्यूंचे हाल झालेत. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेत हा आरोप उघडपणे नाकारलाय.

शुक्रवार : घड्याळ लावून वाचा

बारा ते तीनच्या उपासनेला जाणार असाल तर सकाळी योहान १९ आणि मार्क १५ वाचून जा. तास सूर्योदयापासून मोजायचे, म्हणजे तिसरा तास सकाळी नऊच्या सुमारास, सहावा बारा, नववा दुपारचे तीन. मार्कात सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार पडतो आणि नवव्या तासाला येशू मोठ्याने ओरडतो. प्रेषितांची कृत्ये ३:१ मध्ये नववा तास हा मंदिरातल्या प्रार्थनेचा तास म्हणून येतो. आणि पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो की वल्हांडणाचे कोकरे नवव्या तासापासून अकराव्यापर्यंत, म्हणजे दुपारी तीन ते पाचमध्ये मारले जात. शहराबाहेर एक जण जीव सोडतोय आणि मंदिरात सुऱ्या चालू होतायत, योहानाच्या हिशोबाने हे एकाच दुपारी.

योहानाच्या हिशोबाने असं मुद्दाम म्हटलं, कारण मत्तय-मार्क-लूक यांच्यात गुरुवार रात्रीचं जेवणच वल्हांडणाचं जेवण आहे आणि योहान १९:१४ मध्ये शुक्रवार हा वल्हांडणाच्या तयारीचा दिवस आहे. तासही जुळत नाहीत, मार्क १५:२५ तिसऱ्या तासाला खिळलं म्हणतो, योहानात सहाव्या तासाच्या सुमारास येशू अजून पिलातासमोर आहे. कोणी हे विचारलं तर त्याला दटावू नका, "शंका घेऊ नये" तर मुळीच म्हणू नका. विद्वानांनी वेगवेगळी कॅलेंडरं धरून, वेगवेगळे खुलासे करून पाहिलेत, एकमत नाही. वर्षाबद्दलही इ.स. ३० किंवा ३३ अशी दोन मतं जास्त चालतात, पिलात २६ ते ३६ सुभेदार होता म्हणून त्याच्या आतच. पण चौघेही एका गोष्टीवर ठाम आहेत, शुक्रवार, आणि वल्हांडणाचा सण. तेवढ्यावर पाय रोवून उभं राहता येतं.

मग योहान १९:२८-३६ अगदी जवळून. आंबेने, म्हणजे आंबट द्राक्षारसाने, भरलेलं भांडं, स्पंज, आणि तो कशावर लावून तोंडाशी नेला, तर एजोबावर. सोमवारचं पान उघडा, दाराला रक्त लावायची जुडी एजोबाचीच होती. "पूर्ण झालं आहे" म्हणून तो मान लववतो. मग शिपाई येतात, दोघांच्या तंगड्या मोडतात, येशू आधीच मेलेला दिसतो म्हणून त्याच्या मोडत नाहीत, आणि योहान लिहितो, त्याचं हाड मोडणार नाही हा लेख पूर्ण व्हावा म्हणून. निर्गम १२:४६. दोन्ही पानं एकदम उघडी धरून बघा. लाल आणि निळं इथे एकाच ओळीत येतं.

"खंडणी दिली कोणाला?"

हा प्रश्न ग्रुपमध्ये येणारच, त्याची तयारी ठेवा. मार्क १०:४५ मध्ये येशू स्वतः म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलाय. सावकाराकडे गहाण पडलेला दागिना रक्कम भरून सोडवून आणतात, तशी इथे माणसं सोडवली गेलीत, इथपर्यंत सगळ्यांना समजतं, पण सावकार कोण, यावर गाडी अडते. जुन्या काळात काहींनी सैतान म्हटलं, नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपने चौथ्या शतकातच ते धुडकावलं, चोराला अशी किंमत देणं हा अपमान आहे म्हणून. अन्सेल्म या धर्मपंडिताने १०९८ च्या सुमारास मांडलं की देणं देवाच्या मानाचं होतं, पुढे सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी शिक्षेची भाषा आणली. चर्चने पहिल्या परिषदांमध्ये यातली कुठलीच एक उपपत्ती सक्तीची केली नाही, निकेयाच्या विश्वासांगीकारात एवढंच आहे की आम्हां मानवांकरिता आणि आमच्या तारणाकरिता. मला विचाराल तर बाप रागावलेला आणि मुलगा बिचारा मधे पडला असं चित्र तरी कधीच रंगवू नका. योहान ३:१६ मध्ये प्रीती बापाची आहे, देणारा तोच आहे. त्याऐवजी रूथचं पुस्तक सुचवा, चारच अध्याय आहेत, बवाज हा जवळचा नातेवाईक म्हणून पुढे येतो, जमीन सोडवतो, रूथला घरात घेतो, आणि दुसरा नातेवाईक खर्चाला घाबरून मागे सरकतो. सोडवणारा आपल्याच नात्यातला असायला लागतो, आणि त्याला झळ बसते. देवाचा पुत्र माणूस का झाला याचं उत्तर तिथून फार सहज कळतं.

हे दुसऱ्याला सांगताना

एखादीचं लग्न लांबलंय, कोणाला मूल होत नाहीये, कोणाचा बाप आयसीयूमध्ये आहे, आणि आपण जाऊन म्हणतो "देवाची वेळ आली की होईल". कृपा करून असं म्हणू नका. देवाच्या वेळेबद्दल शास्त्र जे बोलतं ते मुख्यतः तारणाबद्दल आहे, आपण मागितलेली प्रत्येक गोष्ट एक ना एक दिवस मिळणारच अशी ती गॅरंटी नाही. योहान ११ वाचा, लाजर आजारी आहे कळूनही येशू दोन दिवस तिथेच थांबतो, मग मार्था आणि मरीया दोघीही त्याला तेच वाक्य सुनावतात, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू त्यांना गप्प करत नाही, थडग्याकडे जाताना तो रडतो. वेळ त्याला ठाऊक होती, तरीही रडला. तुम्हीही जाऊन बसा, डबा घेऊन जा, रडायला आलं तर रडा.

बलिदानाचंही तसंच. नवरा मारतोय, दारू पिऊन छळतोय आणि बाईला सांगितलं जातं "आपला वधस्तंभ उचलून चाल, सोसलंस तर त्याचं तारण होईल". हे चुकीचं शिक्षण आहे, आणि ते थांबवायची जबाबदारी पाळकांची, वडीलमंडळींची आणि आपली सगळ्यांची आहे. पापांसाठी अर्पण एकदाच झालं, इब्री १०:१० तेच सांगतं, कोणाच्या मार खाण्याने कोणाचं तारण होत नाही, आणि येशूने जीव आपण होऊन दिला, कोणी त्याच्यावर लादला नाही. त्या बाईला सुरक्षित ठिकाणी न्या, पोलिसांची मदत लागली तर घ्या.

शनिवारी नवीन काही वाचू नका. फक्त लेवीय २३:४-१४ वर नजर टाका, चौदाव्या दिवशी वल्हांडण, पंधराव्याला बेखमीर भाकरीचा सण, आणि शब्बाथाच्या (ज्यूंचा विसाव्याचा वार, शनिवार) दुसऱ्या दिवशी नव्या पिकाची पहिली पेंढी याजकाने परमेश्वरासमोर ओवाळायची. तिथे निळी रेघ मारा आणि पुस्तक मिटा. रविवारी पहाटेच्या उपासनेवरून आल्यावर, चहा झाला की, १ करिंथकरांस पत्र १५:२० वाचा, पौलाने येशूला प्रथमफळ का म्हटलंय ते घरातल्या मुलांना विचारा, आणि त्यांनाच लेवीय २३ मधली ती रेघ शोधू द्या.